मोजलेली मेंढरं

"घरात माणसं किती?" एवढंच विचारलं होतं सेक्रेटरीनं. टँकरचं पाणी इथून पुढं माणशी वाटायचं असं सोसायटीनं ठरवलं होतं, आणि तो बिचारा सकाळी सकाळी दारोदार हिंडत होता. सोमनाथ तोंडाला साबणाचा फेस लावून दारात आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हायत की चार-दोन." सेक्रेटरी बघतच राहिला. "चार का दोन, साहेब?" तेवढ्यात आतून धनश्री आली, "तीन हो, तीन. आम्ही दोघं आणि अंजू," असं सांगून तिनं दार लावलं आणि मग जी हसत सुटली ती सुटलीच. "अहो, पशुसंवर्धन खात्यात आकडेवारीला बसता ना तुम्ही? स्वतःच्या घरातली माणसं सांगता येईनात?" सोमनाथही हसला, म्हणजे तोंड हललं. पण पुन्हा आरशापुढं उभा राहिल्यावर त्याचा हात चालेना. हायत! एवढी वर्षं बीडात काढली, बोलण्यातला एकेक शब्द घासूनपुसून घेतला, बायकोच्या माहेरच्यांनाही हा कुठल्या माळावरनं आलाय ते कळू नये अशी जीभ वळवून घेतली, आणि आज हे. आवाजसुद्धा त्याचा नव्हता, बापाचा होता. फेसाखाली गाल चुणचुणायला लागला, आणि तो ब्लेडनं नव्हे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

धोंडीरामकडून, म्हणजे त्याच्या बापाकडून, आबाकडून, मेंढरं किती याचं उत्तर आख्ख्या जन्मात कुणाला काढता आलं नाही. व्यापारी विचारो, तलाठी विचारो, खतासाठी ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची तो शेतकरी विचारो, उत्तर एकच, "हायत धा-पाच." मागं सगळा माळ मेंढरांनी हलत असायचा आणि हा धा-पाच म्हणायचा, तेही असं की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. लबाडी नव्हती हो ती. आकडा तोंडातून निघाला की कळपाला नजर लागते, अशी वाडीची समजूत. तिथं कुणीच कधी मोजत नव्हतं. सोमनाथ पहिलीत अंक शिकून आला, आणि त्याच संध्याकाळी रात्री कळप कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहून आत जाणाऱ्या मेंढरांवर बोट रोखून मोठ्यानं मोजायला लागला. बाप कुठून आला ते कळलंच नाही. कानाखाली अशी बसली की पुढचा अंक घशातच राहिला. मग मायनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन कळपाभोवती दृष्ट काढली, एकेका मेंढराच्या तोंडावरनं मूठ फिरवत, पुटपुटत. जेवताना मात्र बापानं त्याला आपल्याच ताटात घेतलं. "आपली लेकरं कोन मोजतं का बे? डोळ्यानं बगायचं. एकांदं नसलं की जीवच सांगतो." त्या ताटातल्या दुधाला मेंढीचा उग्र वास होता, तो वास सोमनाथला आता, दाढी उरकून शर्ट घालताना, नाकाशी आल्यासारखा वाटला. पोरगं पुढं शिकलं आणि आकडेवारीचीच पदवी घेऊन बसलं. बाप तोवर गेला होता, म्हणून निभावलं.

आज मायला आणायचं होतं. सारजाबाई थोरल्याकडं, सुग्रीवकडं, वाडीवरच राहते. तिची म्हातारपणाची पेन्शन (वाडीवर तिला पगारच म्हणतात) बंद झाली होती, आणि ती कशापायी बंद झाली हे सोमनाथइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या टेबलावर तिचं नाव कापलं गेलं तिथं हातापाया पडून त्यानं फेरतपासणी मिळवली होती. उद्या शेवटचा दिवस. म्हातारी समक्ष उभी राहिली तर नाव परत लागणार, नाहीतर कायमचं गेलं. पैशाचं म्हणाल तर पैसे त्यानंही पाठवले होते. वहिनीनं ते आल्या माणसाच्या हाती माघारी धाडले. पण पगाराची गोष्ट वेगळी. पगाराच्या दिवशी माय ठेवणीतलं लुगडं नेसायची, कपाळभर कुंकवाच्या जागी बुक्का लावायची, आणि लिंबागणेशच्या बाजारातून नातवंडांना शेव-रेवड्या घेऊन यायची. सगळा जन्म नवऱ्याच्या नाहीतर लेकाच्या हाताकडं बघण्यात गेलेला. हे तेवढं तिचं होतं. ते तिला परत मिळवून दिलं की आपल्यालाही घरात परत घेतील असं सोमनाथला वाटत होतं. तसं त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. धनश्रीला तो फक्त म्हणाला, "माय आज इथंच राहील. तिच्यापुरत्या भाकरी टाक, तिला चपाती चावत नाही."

मोटारसायकल बीड सोडून मांजरसुंब्याच्या घाटाला लागली तसं डोकं पुन्हा त्याच वाटेनं धावायला लागलं. गेल्या साली मुंबईहून राज्य सरकारचं नवं धोरण आलं होतं. तिजोरीवर ताण, माणसं कमी करा, खर्च कमी करा. ज्या जनावरांच्या दवाखान्याखाली ठरावीक संख्येपेक्षा जनावरं कमी, त्या दवाखान्याचं 'सुसूत्रीकरण'. काय एकेक शब्द काढतात! बंद करणं असं लिहायला हात कचरतो, म्हणून सुसूत्रीकरण. त्याच्या जागी फिरती गाडी, तीही सरकारची नव्हे, कंत्राटदाराची. आणि बंद करायच्या दवाखान्यांत वाडीचा दवाखाना सोमनाथच्याच टेबलावर आला. एक खोली, पुढं पत्रा टाकलेला ओटा, लिंबाचं झाड. दर साली पावसाळ्याआधी त्या ओट्यावर सगळ्या वाडीची मेंढरं लस टोचून घ्यायची, बाया मेंढरांची तोंडं धरायच्या आणि पोरांपेक्षा मेंढरंच कमी ओरडतात म्हणून हसायच्या. सरकारी दप्तरात मात्र त्या वाडीवर मेंढरं जवळजवळ नव्हतीच. पशुगणनेचा माणूस घरोघर गेला होता, घराघरानं त्याला धा-पाच सांगितलं होतं, त्यानं धा-पाच लिहून घेतलं होतं. वाडीनं इमानेइतबारे रीत पाळली आणि सरकारनं इमानेइतबारे ती लिहून घेतली. हसावं का रडावं!

"साहेब, हे खोटं आहे," सोमनाथ विजयसिंह साहेबांना, म्हणजे त्याच्या वरिष्ठांना, म्हणाला होता. "खोटं कसं? तुमच्याच लोकांनी सांगितलंय." "आमच्यात मोजत नाहीत, साहेब." हे सांगताना त्याचे कान तापले होते, जणू काही आमच्यात आंघोळ करत नाहीत असं सांगत होता. साहेब माणूस वाईट नव्हता. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर सोमनाथनं कानाला खडा लावला असता आणि गप बसला असता. साहेब म्हणाले, "मग मोजायला लावा. मी स्वतः येतो. लोकांनी चारचौघांत खरी संख्या सांगू दे, मी वर भांडतो." आणि सोमनाथला खरंच वाटलं. शिकलेल्या माणसाला लवकर खरं वाटतं. तो पेढे घेऊन वाडीवर गेला, चुलीपुढं मांडी घालून बसला, आणि सुग्रीवला म्हणाला, "दादा, एकदाच. आकडा सांगितला की दवाखाना ऱ्हातो."

सुग्रीवनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "कावून सांगू? आबानं कवा सांगितला?" "आबा हुते तवा दवाखाना बंद होत नव्हता, दादा." "आन मला काई झालं तर?" "तुला काय होतंय?" "मला म्हंजी मेंढराला," सुग्रीव म्हणाला, आणि त्याला आपण काही वेगळं बोललो असं वाटलंही नाही. माय भिंतीला टेकून बसली होती. सोमनाथनं तिचे पाय धरले. "माय, माज्यावर भरवसा हाय का न्हाई?" म्हातारीनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "तुज्यावर हाय रं राजा. तुज्या सरकारचं मला काय म्हाईत?" मग सुग्रीवकडं वळून म्हणाली, "सांग बाबा. आपलंच लेकरू इचारतंय, परकं हाय का कोन." तिनं 'सांग' म्हटलं म्हणून सुग्रीवनं सांगितलं. नाहीतर देव आला असता तरी त्यानं तोंड उघडलं नसतं.

ठरल्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून विजयसिंह साहेब बसले होते. सगळी वाडी जमली होती. सुग्रीव पहिला उठला. डोक्याचा पटका काढून त्यानं हातात धरला, सोमनाथकडं एकवार बघितलं आणि आकडा सांगितला. तो आकडा इथं सांगत नाही. एकदा सांगून झाला तेवढा पुरे आहे. मागं बसलेली माय तोंडात पदर कोंबून उठली आणि घराकडं निघून गेली. मग एकेक जण उठला, एकेकानं सांगितलं, खाली मान घालून, पोलिसापुढं गुन्हा कबूल करावा तसं. साहेबांनी सोमनाथच्या पाठीवर थाप मारली. "भले! एवढं धन माळावर आणि आमच्या दप्तरी काहीच नाही!" परतताना ह्याच घाटात सोमनाथ गाडीवर मोठ्यानं गाणं म्हणत होता. आपण शिकलो त्याचं आज कुठं चीज झालं असं त्याला वाटत होतं. ते गाणं कुठं लागलं की तो अजून उठून रेडिओ बंद करतो.

दवाखाना बंदच झाला. गाडीचं कंत्राट आधीच देऊन झालं होतं, सुधारित संख्येचा विचार पुढच्या फेरीत करण्यात येईल असं वरून उत्तर आलं. "मी लिहिलं होतं हो," साहेब म्हणाले, "वाटाण्याच्या अक्षता लावल्या त्यांनी. धोरण आहे, आपल्या हातात काय?" पण आकडा फुकट गेला नाही बरं का. सरकारच्या घरात काही फुकट जात नाही. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला दिसावी अशी नवी सोय झाली होती, आणि एवढ्या मेंढरांचं कुटुंब गरीब कसं असा प्रश्न कुठल्याशा कॉम्प्युटरला पडला. सारजाबाईचा पगार बंद झाला. वाडीतल्या आणखी म्हाताऱ्यांचेही झाले. दवाखाना वाचवायला जो आकडा उशिरा पोचला, तोच पगार कापायला अगदी वेळेवर पोचला. मेंढरं विकून खातात का कुणी रोज? दुष्काळात तीच चार-चार करून विकायची आणि पुढच्या सालाला जगायचं, हे कॉम्प्युटरला सांगणार कोण. सांगायला सोमनाथ होता. त्यानं अर्ज केले, टेबलं हिंडला, आपल्याच खात्यात परक्यासारखा उभा राहिला.

आणि मग ते झालं. पावसाळी कोवळ्या चाऱ्यानं मेंढरं दगावू नयेत म्हणून जी लस टोचतात, ती टोचलीच गेली नव्हती. सुग्रीव मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं, उमापूरच्या शिवारात उतरला होता, दर साली उतरतो तसा. कोवळा चारा खाल्ला आणि मेंढरं पोट फुगून उभ्या उभ्या पडायला लागली. सुग्रीवनं गाडीच्या नंबरला फोन लावला. गाव कोणतं? त्यानं वाडीचं नाव सांगितलं. तुम्ही आत्ता कुठं आहात? उमापूर. मग वाडीची गाडी उमापूरला येत नाही, आणि उमापूरच्या गाडीवर वाडीच्या मालकाची नोंद नाही. मेंढरं घेऊन फिरणारी माणसं असतात हे त्या धोरणात कुणी लिहिलंच नव्हतं. शेवटी त्यानं सोमनाथला फोन केला. सोमनाथ खात्याच्या व्हरांड्यात उभं राहून स्वतः तो नंबर लावत होता, आणि एक गोड आवाजाची बाई त्याला एक दाबा, दोन दाबा सांगत होती. खासगी डॉक्टर मिळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. संध्याकाळी पुन्हा सुग्रीवचा फोन आला. सोमनाथ वाट बघत होता शिव्यांची. शिव्या आल्या असत्या तर फार बरं झालं असतं. सुग्रीव नुसता रडत होता. "माह्या त्वांडानं आकडा काडला रं मी. माह्या त्वांडानं." सोमनाथ म्हणणार होता, दादा, तसं नसतं, लस टोचली नाही म्हणून मेली ती. ओठावर आलं होतं. पण लस का टोचली नाही? दवाखाना गेला. आणि पगार का गेला? आकड्यानं. कुठूनही धरा, वाट येऊन त्या ओट्यावरच थांबत होती. एवढी आकडेवारी शिकलेल्या माणसाला भावाचं म्हणणं खोडून काढता येईना. त्यानंतर सुग्रीवनं त्याचा फोन उचलला नाही.

मांजरसुंब्याला ढाब्याच्या मागं सावलीत ती फिरत्या दवाखान्याची गाडी उभीच होती. दारावर गायीचं हसरं चित्र आणि 'दवाखाना तुमच्या दारात'. सोमनाथ उगाच थांबला. ड्रायव्हर बाजेवर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खात बसला होता. "काय साहेब, इकडं कुठं?" तो म्हणाला. "कॉल नाहीत?" "आलेत की. पण लोकेशन पाठवत नाहीत लोक. माळावर ये, बाभळीपाशी ये म्हणतात. माळावर बाभळी काय एक आहे का?" आणि तो मनमोकळं हसला. त्यालाही पगार तीन-तीन महिने मिळत नव्हता म्हणे. कुणावर म्हणून चिडावं? सोमनाथनं पाणीसुद्धा घेतलं नाही, किक मारली आणि निघाला. ऊन तापलं होतं, डांबराला वास सुटला होता, आणि मायला गाडीवर मागं कसं बसवायचं, उशी घ्यायला हवी होती, हे त्याला आत्ता सुचत होतं.

वाडीवर शिरताना दवाखाना लागला. ओट्यावर कुणीतरी कडबा रचला होता. घरापुढं बायनावहिनी, सुग्रीवची बायको, शेंगा निवडत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून ती उठली, पदर सारखा केला, आणि सोमनाथला दिसलं की तिनं आधी घराच्या दाराकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "या," ती म्हणाली. एरवी तो चपला काढून थेट चुलीपाशी जायचा, टोपल्यातली भाकरी उभ्यानं मोडून खायचा. आज तिनं अंगणात बाज टाकली, वर धुतलेली चादर अंथरली. पाहुण्याला अंथरतात तशी. तो चपला काढून बसला.

"माय कुटं हाय, वहिनी?"

"मेंढरामागं गेल्यात."

"ह्या वयात? मेंढरं कुटं हायत?"

"हायत तिकडं." तिनं हात केला, पण तो हात कुठल्याच दिशेला नव्हता.

"तिकडं म्हंजी? उमापूरकडं गेलेत का पुन्ना?"

"मला न्हाई म्हाईत. तुमी च्या घ्या."

त्याची जीभ आपसूक वाडीची झाली होती, सकाळसारखी, पण वहिनीच्या चेहऱ्यावर त्यानं काही फरक पडला नाही. तिनं चहा आणून दिला, कपबशीत, फुटक्या कानाच्या नेहमीच्या कपात नव्हे. त्याला कळत होतं. मेंढरं कुठं आहेत हे आता आपल्याला सांगायचं नाही असं ह्या घरात ठरलंय. कुठं आहेत, कशी आहेत, काहीच. त्यानं घोट घेतला, तोंड पोळलं. "वहिनी, मायचा पगार चालू करून घेतलाय मी. म्हंजी झालाच समजा. उद्या फक्त तिला तितं उबं करायचंय. उद्याचा दिवस गेला तर मग काईच न्हाई करता यायचं. किती..."

त्याला एवढंच विचारायचं होतं की किती दिवस झाले मायला जाऊन. पण तो शब्द निघाला आणि बायनाबाईच्या हातातलं सूप खाली आपटलं, शेंगा अंगणभर झाल्या.

"किती म्हनू नगा, भावजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "काय बी इचारा, पर ह्या घरात तेवडं इचारू नगा. मेलेली मोजायला आलाव का आता?"

"वहिनी, शपथ..."

"शपथ बी नगा घालू. मागल्या बारीला पाय धरलते तुमी म्हातारीचं."

ती खाली बसून शेंगा गोळा करायला लागली, आणि तोही बाजेवरून उतरून तिच्यासोबत गोळा करायला लागला. तिनं नको म्हटलं नाही, पण सूप आपल्याकडं ओढून घेतलं. तेवढ्यात आतून आवाज आला. कणगीच्या मागच्या अंधारातून, एकदाच. खोकला. सुरुवातीला कोरडा, मग शेवटाला शिट्टीसारखा खेचला जाणारा. ह्या खोकल्याच्या कुशीत तो लहानाचा मोठा झाला होता, थंडीत वाकळंखाली, माळावर. जगातल्या कुठल्याही गर्दीत त्यानं तो ओळखला असता.

बायनाबाईचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही. सोमनाथनंही दाराकडं बघितलं नाही. त्याला वाटलं, ओरडावं, माय, बाहेर ये, मी हाय, सोमा. चार पावलं तर होती. पण ती आपल्या पायांनी आत जाऊन बसली होती, गाडीचा आवाज ऐकल्या ऐकल्या, पोरगं आलं म्हणून. त्यानं घसा खाकरला आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, भिंतीकडं तोंड करून, तो बोलायला लागला, "माय आली की सांगा वहिनी, मी उद्या सकाळी येतो म्हनाव. जीप घेऊन येतो. तितं कोन काई इचारनार न्हाई तिला. मी संगं हाय. नुसतं उबं ऱ्हायचं, नाव सांगायचं आन माघारी यायचं. काय बी मोजायचं न्हाई, काय बी सांगायचं न्हाई. पगार तिचा हाय, तिनं घेतला पायजे."

आतून, कान देऊन ऐकल्यावर, एक बारीक घुसमटलेला आवाज येत होता, थांबून थांबून. तिला पुन्हा उबळ आली होती आणि ती लुगड्याचा बोळा तोंडात धरून ती दाबत होती, पोराला कळू नये म्हणून. दाबली की तिचा जीव घाबरा होतो, डोळे पांढरे होतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. सोमनाथनं चपला पायात घालायलाही वेळ घेतला नाही, त्या हातात उचलल्या आणि तो झपाझप अंगणाबाहेर पडला, म्हणजे म्हातारीला मोकळं खोकता येईल.